मदत हवी आहे: पुतण्याला रेडिओ बनवायला शिकवायचंय, पण आता सगळा रेडिओच एका चिपमध्ये

नमस्कार मंडळी, पुतण्या आठवीत आहे, त्याला स्वतःच्या हाताने रेडिओ बनवायचाय. मी त्याच्या वयाचा असताना पुण्याच्या तापकीर गल्लीतून फेराइट रॉड (अँटेनाची कॉइल गुंडाळायची कांडी), गँग (स्टेशन लावायचा फिरता कपॅसिटर) आणि ४५५ किलोहर्ट्झच्या आयएफटी (आयएफ, म्हणजे मधल्या ठरावीक फ्रिक्वेन्सीचे छोटे ट्रान्सफॉर्मर) आणून मीडियम वेव्हचा सेट जोडला होता, आयएफटीचा गाभा जरा जरा फिरवत गेलो की खरखरीतून हळूहळू आवाज वर यायचा आणि कुठला भाग काय करतो ते तिथेच डोक्यात बसायचं.

यावेळी एफएमसाठी एसआय४७०३ ही रेडिओची चिप मागवली. ३ मिमी बाय ३ मिमीची चिप, २० पाय, पाय कसले, पोटाखाली नुसत्या पट्ट्या आणि मधे ग्राउंडचा पॅड. ब्रेडबोर्डची (सोल्डर न करता भाग खोचायचा बोर्ड) भोकं २.५४ मिमीवर, हिच्या पट्ट्या ०.५ मिमीवर, म्हणून अडॅप्टर बोर्ड घेतला. सोल्डरिंग आयर्नने प्रयत्न केला तर दोन पट्ट्यांमध्ये कथील जाऊन बसलं, भिंग लावून काढायला गेलो तर बोर्डाचा ट्रॅकच उचलला गेला. पोरगं शेजारीच बसलं होतं, फार वाईट वाटलं.

आणि चिप नीट बसली असती तरी मिक्सर (स्टेशनची फ्रिक्वेन्सी बदलून आयएफवर आणणारा), आयएफ, डिमॉड्युलेटर (सिग्नलमधून आवाज काढणारा) सगळं आत, आपण आयटूसीवरून (दोन तारांची डेटा जोडणी) आकडा पाठवायचा की स्टेशन लागलं, मधे कुठे मोजायचा प्रोब टेकवायला जागाच नाही. नव्या चिपांचा राग नाही हो, इएसपी३२ मायक्रोकंट्रोलर मी रोज वापरतो, पण रेडिओ चालतो कसा हे त्याला दाखवू कुठे? हॉट एअर (गरम हवेने सोल्डर करायचं यंत्र) घेऊ, चिप आधीच बसवलेलं तयार मोड्यूल घेऊ की परत साध्या बीसी५४७ ट्रान्झिस्टरपासून सुरू करू?

प्रतिसाद:
दादा, हॉट एअर घ्याच पण स्वतःसाठी, आणि फ्लक्स (कथील नीट बसवणारा लेप) भरपूर लावा, कथील अगदी कमी. पुतण्याला टीए७६४२ हा मीडियम वेव्ह रेडिओचा आयसी द्या, तीन पायांचा, दिसायला बीसी५४७ सारखाच, एका सेलवर चालतो. आयएफ नाही त्यात, पण कॉइल त्याला स्वतः गुंडाळावी लागेल आणि गँग फिरवली की काय होतं ते कानाने कळेल. आधी घरच्या जुन्या सेटवर रात्री मीडियम वेव्ह लागतं का बघून घ्या. गँग दुकानात नाही मिळाली तर भंगारातला ट्रान्झिस्टर उघडा, त्यातली फेराइट रॉडपण वापरता येईल.