नवीन नॅनो टँक, कोरल उघडतच नाहीयेत, काय चुकतंय?

खारटपुणेकर:
नमस्कार मंडळी, पुण्यात सिंहगड रोडला राहतो, पन्नास लिटरची खाऱ्या पाण्याची टाकी लावून अडीच महिने झाले. कोरडा दगड घातला, पाच आठवडे सायकल होऊ दिली (म्हणजे घाण पचवणारे जिवाणू वाढू दिले), अमोनिया आणि नायट्राइट शून्य आल्यावरच एक क्लाउनफिश, दोन झोआ (बटणासारखे मऊ कोरल) आणि एक ग्रीन स्टार पॉलिप (जीएसपी, जांभळ्या चटईवर हिरवे तारे फुलणारं कोरल) घेतले. पहिला महिना मस्त, झोआ अगदी शर्टाच्या बटणाएवढे फुलायचे. एप्रिल लागला आणि पाणी ३० डिग्रीला गेलं म्हणून वर छोटा फॅन लावला, आता २७ असतं. पण गेला आठवडाभर झोआ मुठी आवळून बसलेत आणि जीएसपीची नुसती जांभळी चटई दिसतेय, हिरवं काहीच नाही. हायड्रोमीटर (खारटपणा मोजायचा काटा) १.०२५ म्हणजे ठीकच दाखवतोय, नायट्रेट ५. लाईट कमी पडतोय का? दुसरा घेऊ का? आणि मे मध्ये मालवणला जाणार आहे, तिथून एखादा जिवंत दगड (समुद्रातला, जीवजंतू चिकटलेला) आणला तर टाकी सुधारेल का?

ठाण्याचा रीफवाला:
लाईटवर पैसे घालू नकोस रे, थांब जरा. फॅन लावल्यापासून पाणी किती उडतंय आणि भर कशाची घालतोयस ते आधी सांग. साधं पाणी की मिठाचं?

खारटपुणेकर:
रोज साधारण अर्धा लिटर उडतं दादा. मिठाचंच घालतो, वॉटर चेंजसाठी बादलीत कालवून ठेवलेलं असतंच त्यातलं. दोन आठवडे झाले असतील. काचेच्या कडेला पांढरं साचतंय, आई म्हणते भिंतीला लोणा लागतो तसा टाकीला लागलाय 😅

ठाण्याचा रीफवाला:
तुझी आई बरोबर बोलतेय बघ! अरे उडतं ते फक्त पाणी, मीठ आतच राहतं. रोज अर्धा लिटर खारं म्हणजे साडेसतरा ग्रॅम मीठ जास्तीचं, चौदा दिवसांत झालं जवळजवळ पाव किलो. तुझ्या टाकीत दगड आणि वाळू धरून खरं पाणी चाळीस लिटर असेल, म्हणजे ३५ वरून ४१ पीपीटीपर्यंत (पीपीटी म्हणजे साधारण लिटरमागे ग्रॅम मीठ) गेलं असणार. फॅनने गरमी उतरवली आणि त्याच फॅनने खारटपणा चढवला.
हायड्रोमीटरच्या काट्यावर मिठाचा थर बसला की तो जड होतो आणि आकडा कमी दाखवतो. कोणाकडून रिफ्रॅक्टोमीटर (थेंबातून खारटपणा दाखवणारी दुर्बिणीसारखी नळी) माग, आधी ३५ पीपीटीच्या तयार सोल्यूशनवर जुळवून घे आणि मग मोज. खरंच ४१ निघालं तर एकदम उतरवू नको, कोरलला उडी झेपत नाही. रोज टाकीतलं एक लिटर काढ, तेवढंच गोडं पाणी हळूहळू सोड, दिवसाला साधारण एक पीपीटी उतरतं. उडालेल्याची भरही गोड्याचीच, काचेवर मार्करने रेघ मारून ठेव आणि सकाळ-संध्याकाळ रेघेपर्यंत भर.

मोना_कल्याण:
गोडं म्हणजे नळाचं नाही हां, आणि स्वयंपाकघरातल्या आरओचंही आधी टीडीएस (पाण्यात विरघळलेले क्षार) बघून. घरच्या मशीनला चवीसाठी टीडीएस कंट्रोलर असतो, तो थोडं कच्चं पाणी परत मिसळतो, माझ्याकडे ७० यायचं आणि शेवाळ काही केल्या जाईना. मेंब्रेननंतर एक डीआय रेझिनची (उरलेले क्षार शोषणाऱ्या दाण्यांची) नळी जोडली, आता शून्य येतं. उन्हाळ्यात टँकरचं जास्त क्षारांचं पाणी येत असेल तर रेझिन लवकर संपतं, टीडीएस मीटर जवळ ठेव. आणि झोआचा दगड हाताळताना ग्लोव्हज घाल, गरम पाण्यात तर चुकूनही उकळू नको, काही झोआ आणि त्यांच्या जातभाई पॅलिथोआमध्ये पॅलिटॉक्सिन नावाचं जहाल विष असतं आणि त्याची वाफ माणसाला हॉस्पिटलात पोचवते.

तारकर्लीचो:
मालवणात ये, मासे खा, स्नॉर्केलिंग कर, पण दगड उचलू नको रे बाबा. हार्ड कोरल १९७२ च्या वन्यजीव कायद्यात शेड्युल एकमध्ये आहेत, वाघ ज्या यादीत आहे त्याच यादीत, आणि मालवणच्या समुद्रात १९८७ पासून अभयारण्य आहे. 'मेलेला वाटला म्हणून घेतला' हे कोण ऐकणार नाही. तसाही त्या दगडातून कुठचा खेकडा नि कुठला किडा टाकीत उतरेल सांगता येत नाही.

खारटपुणेकर:
दगड कॅन्सल 🙏 दुकानातून रिफ्रॅक्टोमीटर मागून आणला. ४१!! हायड्रोमीटर कोमट पाण्यात भिजवून ब्रशने घासला तर तोही १.०३१ वर गेला. आजपासून एक लिटर चालू. घरचा आरओ ६५ दाखवतोय, रेझिन मागवलंय, तोवर दुकानातून कॅन आणतोय.

ठाण्याचा रीफवाला:
झकास. अल्कलिनिटी (पाण्याचा पीएच सांभाळणारे क्षार) पण मोजून ठेव, ८-९ डीकेएचच्या (तिचं माप) आसपास असू दे. दुरुस्तीच्या आठवड्यात नवीन काही घालू नको, कोरलची जागा हलवू नको. आणि डास मारायचा स्प्रे त्या खोलीत बंद, पुढेमागे कोळंबी घेशील तर ती आधी जाईल.

खारटपुणेकर:
नववा दिवस. ३५ वर आलंय. जीएसपी परवाच उघडला, आज सकाळी लाईट लागल्यावर मोठ्या झोआचे सात-आठ उघडलेत, लहान दगडाचे दोन अजून बंद आहेत, त्यांच्या कडा थोड्या विरघळल्यासारख्या दिसतायत. ते काढू की थांबू?

मोना_कल्याण:
थांब. विरघळलेला भाग पिपेटने हलकेच फुंकून काढ, हात लावू नको.