शब्दचर्चा: चिनी चित्रांतल्या 'चुन'ला मराठीत काय म्हणावं?

रानवाट:
चिनी डोंगर-पाण्याच्या चित्रांवर, म्हणजे त्यांच्या निसर्गचित्रांवर, मराठीत लिहितेय आणि एका शब्दापाशी अडलेय. खडकांचा, कड्यांचा पोत दाखवायला हे चित्रकार कुंचल्याचे जे ठरावीक फटकारे मारतात त्यांना चिनीत चुन म्हणतात (च चुन्यातला, चहातला नाही). मी आत्तापर्यंत 'पोतरेषा' लिहिलं पण ते फार पाठ्यपुस्तकी वाटतं, आणि मुळात ती दरवेळी रेषा नसतेच. सोंगपासून छिंग राजवटीपर्यंत (दहावं ते विसावं शतक) हाच एक शब्द चालतो त्यामुळे मलाही एकच शब्द पाहिजे. सुचवा ना.

शाईदौत:
चुनचा मूळ अर्थ थंडीवाऱ्याने कातडी फुटणं. आपल्याकडे त्याला उलणं म्हणतात की, हिवाळ्यात हात उलतात, टाचा उलतात. मग 'उलण' का नको? दगडाची कातडी उललीय असं डोळ्यासमोर येतं.

कातळ:
उलण मला आवडला, पण नुसता 'भेग' नको हं. भेग म्हणजे खोल चीर, आणि चुनमध्ये खडकाचं सगळं अंग येतं, झीज, खडबडीतपणा, उजेड-सावली, सगळंच. फान क्वानचं इ. स. 1000 च्या आसपासचं ते प्रवाशांचं चित्र बघा, तैपेईच्या राजवाडा संग्रहालयात आहे, उंची दोन मीटरहून जास्त. वरचा बहुतेक भाग एकाच प्रचंड कड्याने व्यापलाय आणि तो कडा हजारो बारीक टिचक्यांनी भरलाय, त्याला 'पावसाच्या थेंबांचा चुन' म्हणतात. खाली उजवीकडे खेचरांचा तांडा इतका छोटा की शोधावा लागतो, आणि चित्रकाराची सही तिथेच झाडाच्या पानांत दडलेली, ती 1958 साली सापडली! हा माणूस उत्तरेत शान्शीच्या डोंगरांत राहायचा, तिथले कडे असेच उघडेबोडके आणि उभे आहेत. म्हणजे चुन हा आधी डोंगर बघण्यातून आलाय, हे शब्दात उतरायला पाहिजे.

रानवाट:
हो पण पुढे तो बदलतो ना, माझी अडचण तीच आहे. ली थांगचं 1124 चं चित्र घ्या, तिथे कुंचला आडवा धरून छाटल्यासारखे फटकारे आहेत, 'कुऱ्हाडीच्या घावांचा चुन'. त्यानंतर तीनच वर्षांत उत्तरेची राजधानी पडली, दरबार दक्षिणेत हांगचौला गेला, आणि मा युआन, श्या ग्वेई यांनी तोच घाव आणखी मोठा, ओला केला पण चित्राचा अर्धा भाग धुक्यासाठी मोकळा सोडला. इथे 'उलण' म्हटलं तर घावाचा जोर कुठे राहतो?

शाईदौत:
जोर विशेषणात येऊ दे. 'कुऱ्हाडी उलण', 'थेंबी उलण'. आणि तिसरा मोठा प्रकार, लांब मऊ सुट्या धाग्यांसारखा, त्याला चिनीत पसरलेल्या तागाचा चुन म्हणतात, तो आपण 'वाखी उलण' म्हणू. दोर वळायच्या आधी वाख सोडून ठेवलेला असतो ना, थेट तसंच दिसतं. हा प्रकार दक्षिणेतल्या डोंग युआनचा, दहाव्या शतकातला, तिकडच्या गोल मातकट टेकड्यांसाठी.

अक्षरवेल:
माझा विरोध आहे, आणि तो युआन राजवटीच्या काळामुळे आहे. मंगोल सत्तेत बरेच सुशिक्षित लोक दरबारापासून लांब राहिले आणि त्यांच्यासाठी चित्र हे हस्ताक्षरासारखं झालं, माणूस ओळखायचा तो फटकाऱ्यावरून. हुआंग गोंगवांगने फूचुन डोंगरांची गुंडाळी 1350 मध्ये लिहिली (लिहिली हेच बरोबर वाटतं), तेव्हा तो ऐंशीच्या घरात होता. त्यात तोच वाखी चुन आहे पण सैल, कुठे कोरडा, कुठे थांबलेला, डोंगरापेक्षा हात जास्त दिसतो. 1650 मध्ये मालकाने मरताना ती जाळायला सांगितली, पुतण्याने आगीतून ओढून काढली, तोवर दोन तुकडे झाले होते, आता मोठा तैपेईत आणि छोटा हांगचौत आहे. अशा चित्राला 'उलण' म्हणजे परत सगळं दगडावर नेणं झालं. मी 'फटकारा'च म्हणेन.

कातळ:
फटकारा कुठल्याही चित्राला लागू होतो, झाडाला, बांबूला, कपड्यालासुद्धा. चुन मुख्यतः डोंगर-खडकाचा. 1679 मध्ये छापलेल्या चित्रकलेच्या शिकवणी पुस्तकात हे प्रकार नावानिशी, नमुन्यांसकट दिलेत, म्हणजे छिंग काळात तर ती सरळ परिभाषाच होती, आणि परिभाषेला स्वतःचा शब्द लागतो.

रानवाट:
पटलं. 'उलण' घेते, पहिल्या वेळी 'चुन' कंसात देऊन. युआनच्या परिच्छेदात 'उलणीचा फटकारा' असं लिहीन म्हणजे हातही येईल. छिंग काळातल्या शिताओ या चित्रकाराच्या 1685 च्या चित्रात नुसते शाईचे ठिपके उधळलेत, त्यालाही उलण चालेल?

कातळ:
नाही नाही, त्याला चिनीत वेगळा शब्द आहे, द्येन. तो सरळ 'ठिपका'. थेंबी उलण आणि ठिपका एकत्र करू नका, थेंबी उलणीने दगड घडतो, ठिपका बहुतेकदा दगडावरचं शेवाळ किंवा लांबची झुडपं दाखवायला शेवटी मारतात.