५ वर्षांच्या मुलीची पहिली रंगीत तालीम आहे, तिची आणि आमची तयारी कशी करायची?

त्रिमूर्तीनगरची_आई

नमस्कार सगळ्यांना. माझी मुलगी ५ वर्षांची आहे, जूनपासून कथकच्या क्लासला जाऊन राह्यली, आता डिसेंबरात क्लासचा वार्षिक कार्यक्रम आहे सिव्हिल लाइन्सच्या देशपांडे हॉलला आणि आदल्या दिवशी तिथंच रंगीत तालीम. मॅडमनी ग्रुपवर टाकलं की लहान बॅचला दुपारी ३ वाजता ड्रेस घालूनच आणा, आणि पालकांनी विंगेत यायचं नाही. आता माझी पोरगी क्लासमध्ये छान नाचते, घरी आजी-आजोबांपुढे तर थांबतच नाही, पण अनोळखी जागी गेली की मला सोडत नाही, लग्नातसुद्धा पूर्ण वेळ माझा पदर धरून असते. तिथं तर अंधार, मोठे स्पीकर, मेकअप केलेल्या मोठ्या मुली, सगळंच नवीन. मला आतापासूनच टेन्शन आलं आहे. घरी नेमकं काय करून घ्यायचं? सोबत काय न्यायचं? आणि ती रडली तर मी आत जायचं की नाही? सासूबाई म्हणतात रोज १० वेळा नाचून घे, भीती आपोआप जाते. कोणाला अनुभव असेल तर प्लीज सांगा.

कथकवाली_ताई

ताई, मी इथंच नागपुरात लहान मुलांना शिकवते, दरवर्षी तुमच्यासारख्या आया भेटतात म्हणून जरा सविस्तर लिहिते.

सासूबाईंच्या अनुभवाचा मान ठेवून सांगते, रोज १० वेळा नका नाचवू. नाच तिला येतो, जून ते डिसेंबर तेच तर केलं तिनं. कंटाळा आला की हीच मुलं ऐन वेळी हात सोडून उभी राहतात. तिला माहीत नाही ती जागा, आणि तालीम असते ती त्याच्यासाठी. आमच्यासाठीही तालीम म्हणजे कोण कुठून आत येतं, कोण कुठं उभं राहतं, लाइट कधी लागतो हे बसवणं. त्या दिवशी तुमची मुलगी छान नाचली नाही तरी चालतं हो, तिनं स्टेज पाहिला, बाथरूम कुठं आहे ते पाहिलं, आपल्या जागेवर जाऊन उभी राहिली, इतकं झालं तरी माझ्या हिशोबानं तालीम चांगली झाली.

आता घरी काय करायचं. क्लासमध्ये मुलांची "समोर" ही दिशा ठरलेली असते, जिकडे आरसा किंवा मॅडम तिकडे समोर. स्टेजवर आरसा नाही, मॅडम विंगेत, आणि कार्यक्रमाला समोर नुसता काळोख, कारण लाइट डोळ्यावर येतो आणि खुर्च्या दिसतच नाहीत. मग मूल गोंधळतं आणि बाजूच्या मैत्रिणीकडे वळून नाचायला लागतं. म्हणून घरी तिला आज टीव्हीकडे तोंड करून, उद्या खिडकीकडे, परवा दाराकडे असं नाचू द्या, दिवसातून एकदाच. नाचापेक्षा येणं-जाणं जास्त करून घ्या. बेडरूममधून चालत हॉलमध्ये यायचं, जागेवर उभं राहायचं, शेवटी नमस्कार करायचा आणि दुसऱ्या बाजूनं निघून जायचं. लहान मुलं नाच विसरत नाहीत पण निघायचं विसरतात, नाच संपला तरी तिथंच उभी.

अंधाराचं पण एक सांगते. सुरू व्हायच्या आधी आणि संपल्यावर काही सेकंद पूर्ण अंधार करतात. रात्री घरचे लाइट बंद करून दोघींनी हात धरून ता थेई थेई तत्, आ थेई थेई तत् म्हणायचं आणि मग लाइट लावायचा. दोन-चार दिवसांनी हात सोडून करा. मी विंगेत लहान बॅचला हेच करायला लावते, हळू आवाजात तीनतालाच्या १६ मात्रा हातावर मोजायच्या, पहिल्या, पाचव्या, तेराव्याला टाळी आणि नवव्याला खाली, म्हणजे टाळी न देता हात नुसता मोकळा. हात आणि तोंड कामात असलं की रडू मागं राहतं, आणि ज्या मुलीला एका जागी बसवत नाही तीसुद्धा नंबर येईपर्यंत थांबते.

"घाबरू नको हं" हे वाक्य मात्र कृपया बोलू नका. तिच्या डोक्यात नसलं तरी येतं की इथं घाबरण्यासारखं काहीतरी आहे. त्यापेक्षा काय काय होणार ते क्रमानं सांगा. आपण हॉलला जाऊ, तुला मॅडमकडे देईन, तू ताईचा हात धरून बसशील, मग तुमचा नंबर, मग मी खालच्या दारापाशी घ्यायला येईन. दारापाशी म्हटलं की दारापाशीच दिसायचं, पाच मिनिटं इकडे तिकडे नको. त्या वयाचं मूल आईच्या शब्दावरच टिकतं.

रडली तर आत जाऊ नका. एक आई आत आली की बाकी सगळ्यांना आपली आई आठवते, मग आख्खी बॅच रडते. आम्ही रडणाऱ्या मुलीला ढकलत नाही, विंगेत जवळ बसवतो, बाकीच्यांचा नाच पाहू देतो, बहुतेक वेळा दुसऱ्यांदा गाणं लागलं की ती स्वतःच उठते. फारच झालं तर मॅडम तुम्हाला बोलावतील, तेव्हा या. आणि ती पदर धरणारी आहे हे मॅडमना आधीच फोन करून सांगा, मी तरी अशा मुलीला एखाद्या समजदार मोठ्या मुलीच्या शेजारी बसवते.

खाली बसल्यावर हातवारे करून स्टेप दाखवू नका. तालमीत हॉलचे लाइट अर्धे चालू असतात, तिला तुम्ही दिसता, आणि ती नाच सोडून तुमच्याकडेच पाहत राहते. मागच्या रांगेत बसा. आणि घरी जाताना गाडीवर "तिथं तू हात उलटा केला" हे नको, चुकलं असेल ते मॅडम बघतात. भूक लागली का विचारा आणि झोपवा लवकर.

विंगेतली_मावशी

वर ताईंनी एवढं छान लिहिलं त्याच्यात माझी सामानाची भर. माझ्या दोन्ही मुली नाचल्या, त्यामुळं ग्रीन रूममध्ये मदतीला मी दरवर्षी असते.

पहिली गोष्ट, ड्रेस घालूनच बोलावलं असेल तरी घरून निघताना वरून बाबांचा समोरून बटणाचा जुना शर्ट घाला. डोक्यातून काढायचं काही घालू नका, अंबाडा आणि गजरा दोन्ही जातात. ड्रेस घालायच्या आधी एकदा आणि हॉलमध्ये पोचल्या पोचल्या एकदा बाथरूमला न्या, तिला नाही आली तरी न्या, कारण घागरा, चुडीदार आणि कमरेची ओढणी एकदा पिना लावून बसवली की पाच वर्षांच्या मुलीला घाईत नेणं म्हणजे काय असतं ते मी पाहिलं आहे. चुडीदाराची नाडी असेल तर इलास्टिक घालून घ्या बापा.

सेफ्टी पिना मोठ्या-लहान दोन्ही, काळ्या पिना, यू पिना, केसाची जाळी, सुई-दोरा, जास्तीची टिकली, ओले वाइप्स. हे सगळं बर्डीवर मेन रोडला एका चकरेत मिळतं. प्रत्येक वस्तूवर नाव, पैंजण-बांगड्यांच्या पिशवीवर पण, ग्रीन रूममध्ये सगळ्यांच्या बांगड्या सारख्याच दिसतात. सोन्याचं काहीही घालून पाठवू नका, कानातलं पण खोटं.

खायला सुकं द्या, मुरमुरे, बिस्कीट, केळं. डिसेंबर म्हणजे संत्री घरोघरी असतात पण ड्रेसवर रस सांडला की डाग राहतो, आणि तर्री पोहे तर तालमीच्या दिवशी नकोच, तेलाचा लाल डाग भाड्याच्या ड्रेसवर पडला की डिपॉझिट गेलं. जेवण निघायच्या दीड-दोन तास आधी, पोटभर पण साधं, वरण-भात बेस्ट. पाण्याच्या बाटलीला स्ट्रॉ ठेवा, लिपस्टिक राहते.

मेकअप तालमीला करायचा नसेल तरी जो कार्यक्रमाला लावणार तो दोन दिवस आधी हाताच्या आतल्या बाजूला थोडा लावून पाहा, लहान मुलांच्या कातडीला खाज सुटते कधी कधी. आलता लावायचा असेल तर पूर्ण वाळल्याशिवाय घागरा खाली सोडू नका.

आणि वाट पाहायची तयारी ठेवा. नाच चार मिनिटांचा, बसायचं तीन तास. लहान बॅच ३ वाजता बोलावली म्हणून ३ वाजताच नंबर लागत नाही. चित्रं काढायची वही आणि पेन्सिल द्या, स्केचपेन नको. मोबाइल तर नकोच, नंबर आला की हातातून काढून घ्यावा लागतो आणि मग रडारड सुरू. डिसेंबरची थंडी असते, संध्याकाळी ६ नंतर स्वेटर आणि मोजे लागतात, अनवाणी पाय फरशीवर गार पडतात आणि मुलं कुडकुडतात.

धरमपेठचा_बाबा

एक वेगळी गोष्ट, कोणी लिहिली नाही म्हणून. डिसेंबरात हिवाळी अधिवेशन असतं. तुमची तालीम त्या दिवसांत असेल तर विधानभवन सिव्हिल लाइन्सलाच आहे, मोर्चे निघतात, पोलीस रस्ते बंद करतात किंवा वळवतात, त्रिमूर्तीनगरहून अर्ध्या तासात पोचू हे धरून चालू नका. आदल्या दिवशीच्या पेपरात वाहतुकीचे बदल येतात ते पाहून ठेवा आणि एक तास हातात ठेवून निघा. घाईत पोचलेलं मूल आधीच चिडलेलं असतं.

माझा मुलगा पण नाचतो, ७ वर्षांचा आहे. जमलं तर आधीच्या आठवड्यात एखादा कार्यक्रम पाहायला तिला त्याच हॉलला घेऊन जा, तिथं बरेचदा काही ना काही चालूच असतं. आम्ही तसं केलं होतं, खुर्चीत बसून पडदा उघडताना पाहिला, लाइट बंद होताना पाहिला, मग तालमीच्या दिवशी तोच आम्हाला सांगत होता की आता अंधार होईल. हॉल कोणाच्या नावाचा ते पण सांगितलं, की वसंतराव देशपांडे म्हणजे मोठे गायक, लहानपणी आपल्या नागपुरातच गाणं शिकले. मुलांना अशी गोष्ट सांगितली की जागा आपली वाटते.

आणि बाबा लोकांनो, ग्रीन रूमच्या दाराशी उभं राहून फोटो काढू नका. आत मुली कपडे बदलत असतात. आपल्या पोरीचा फोटो बाहेर आल्यावर काढा.

साउंडवाला_दादा

मी हॉलमध्ये साउंड करतो, नाचातलं कळत नाही पण तालमी भरपूर पाहून राह्यलो. मुलांना एक आधीच सांगा की मधेच गाणं थांबेल. लाइटवाल्याला फोकस लावायचा असतो, कधी सुरुवात पुन्हा घ्यावी लागते, कधी शेवटचाच तुकडा तीनदा वाजवतो. लहान मुलांना वाटतं आपलं चुकलं म्हणून बंद केलं, आणि तोंड पाडतात. त्यांना सांगा की थांबलं की जागेवर पुतळा व्हायचं आणि मॅडमकडे पाहायचं. आवाज पण घरच्यापेक्षा खूप मोठा असतो. ज्यांची मुलं आवाजाला दचकतात त्यांनी मॅडमला सांगावं, म्हणजे मॅडम आम्हाला सांगतील आणि आम्ही लहान बॅचच्या वेळी सुरुवात हळू आवाजात करून मग वाढवतो. यात काही अवघड नाही, फक्त कोणी सांगितलं पाहिजे.

आणि तालमीत व्हिडिओ काढायला स्टेजच्या अगदी पुढं येऊ नका, मुलं थांबून कॅमेऱ्याकडे पाहतात.

त्रिमूर्तीनगरची_आई

सगळ्यांचे मनापासून आभार, एवढं कोणी लिहील वाटलं नव्हतं. आज लाइट बंद करून ता थेई केलं, पहिल्यांदा माझा हात घट्ट धरला, दुसऱ्यांदा तीच म्हणाली पुन्हा कर. मॅडमना उद्या फोन करते. आणखी एक, कथकवाली ताई, घुंगरू घरूनच बांधून न्यायचे का? मॅडमनी या वर्षी पहिल्यांदाच द्यायला सांगितले, एका पायात २५.

कथकवाली_ताई

नाही ताई, घरून बांधू नका. विंगेत घुंगरू वाजले की स्टेजवरच्या मुलींना त्रास होतो, म्हणून बहुतेक ठिकाणी नंबर यायच्या थोडं आधी बांधतात. पिशवीत ठेवा, नाव लिहा, सोबत मऊ सुती कापडाच्या दोन पट्ट्या द्या, खाली पट्टी असली की दोरी रुतत नाही. बांधणाऱ्या ताईला सांगा की गाठ पायाच्या बाहेरच्या बाजूला आणि एक बोट आत जाईल इतकी सैल ठेव. घरी मात्र आतापासून रोज पाच मिनिटं घालून चालू द्या, नाचू नाही, नुसतं चालू द्या, नाहीतर पहिल्या दिवशी मुलं पायाकडेच पाहत राहतात. दोरीची टोकं सुटत असतील तर आजच शिवून घ्या.