मदत हवी आहे: हरीण आणि एल्कसाठी पहिली रायफल कोणती घेऊ?

डोंगरपायी: नमस्कार मंडळी. पहिल्यांदाच शिकारीला जातोय. मी अमेरिकेत आहे. हरीण आणि एल्क (हरणाच्याच कुळातलं मोठं जनावर), दोन्हींना चालेल अशी एकच रायफल घ्यायची आहे. तीन आठवडे व्हिडिओ बघून डोकं भणभणलंय. काडतूस कुणी ६.५ क्रीडमोर म्हणतं, कुणी .३०-०६, तर कुणी म्हणतं .३०० विन मॅग नसेल तर एल्कच्या वाटेला जाऊच नका. बजेट हजार डॉलर. काल दुकानात गेलो, तर काउंटरवरच्या माणसाने कागद बघून परत पाठवलं. सीझन तोंडावर आलाय. चर्चा नको, एकच नाव सांगा.

माळरान: राज्य कुठलं? हजारात स्कोप धरलाय का? आधी कधी रायफल चालवली आहे? आणि परत पाठवलं म्हणजे नेमकं कशासाठी?

जुना_बार: .३०-०६. विषय संपला. १९०६ पासून चालत आलेलं काडतूस आहे, आडगावच्या किराणा दुकानातही मिळतं. मी वायोमिंगमध्ये चौदा सीझन १८० ग्रेनच्या (ग्रेन म्हणजे गोळीच्या वजनाचं माप) गोळीवर काढलेत. एल्क पडतं, हरीणही पडतं. दुसरी रायफल घ्यावी असं कधी वाटलंच नाही.

सुगंधा_के: जुना_बार, तुम्ही चौदा सीझनवाले, हा माणूस पहिल्यांदा निघालाय. हलक्या रायफलीत .३०-०६ चा धक्का चांगलाच बसतो. दहा गोळ्यांत खांदा दुखायला लागतो, मग चाप ओढायच्या आधीच डोळे मिटतात आणि नेम जातो. माझ्या नवऱ्याचं अगदी हेच झालं होतं. मी ६.५ क्रीडमोरवर दोन एल्क माद्या मारल्या, दोन्ही दोनशे यार्डांच्या आत, खांद्याच्या लगेच मागे. गोळी कुठे लागते ते महत्त्वाचं.

जुना_बार: मादी वेगळी आणि तीनशे किलोचा नर वेगळा. वारा सुटलाय, जनावर तिरकं उभं आहे, तेव्हा वजनदार गोळीच आत शिरते.

सुगंधा_के: जनावर तिरकं असेल तर चाप ओढूच नये. नवख्याला हेच आधी शिकवायला हवं.

वाचनवेडा: एल्क म्हणजे आपलं सांबर नव्हे, पुष्कळांचा गोंधळ होतो. युरोपात तर मूसलाच एल्क म्हणतात. अमेरिकेतल्या एल्कचं दुसरं नाव वापिती.

तुळशीवृंदावन: वाईट वाटलं वाचून. दुकानात सगळं मिळत असताना मुक्या जनावराला मारायचं कशासाठी?

माळरान: ताई, तुमची भावना समजते. पण इथे रायफल आणि काडतुसांवर ११ टक्के केंद्रीय कर आहे, १९३७ च्या कायद्याने तो पैसा राज्यांच्या वन्यजीव खात्यांकडे जातो. परवान्यांचा पैसा वेगळा. यावर स्वतंत्र धागा काढा, मी नक्की लिहीन. डोंगरपायी, उत्तरं द्या की.

डोंगरपायी: कोलोरॅडो, मीकरच्या बाजूला. शिकारीच्या लॉटरीत एल्क मादी आणि म्यूल डिअर (हरणाची एक जात) नर असे दोन्ही टॅग, म्हणजे एकेका जनावराचे परवाने, लागलेत. स्कोप धरून हजार. हंटर एज्युकेशनचा कोर्स झालाय, रेंजवर मित्राची .२२ (छोट्या काडतुसाची रायफल) चालवली आहे. दुकानदार व्हिसाबद्दल काहीतरी म्हणाला. एच-वन-बी (नोकरीचा व्हिसा) आहे. त्याचा रायफलीशी काय संबंध?

माळरान: सगळा संबंध तिथेच आहे! एच-वन-बीवर असलेल्याला केंद्रीय कायद्याने बंदूक घेता येत नाही, बाळगताही येत नाही. मात्र चालू शिकार परवाना असेल तर सूट आहे. बंदूक खरेदीच्या फॉर्म ४४७३ वर तोच प्रश्न असतो. लॉटरीत भाग घेण्यासाठी तुम्ही वार्षिक स्मॉल गेम (छोट्या प्राण्यांच्या शिकारीचा) परवाना घेतला असेल ना? तो छापून, आय-९४ (देशात आल्याची नोंद) आणि राहत्या पत्त्याचा पुरावा घेऊन जा. परवान्याची मुदत संपली की घरातली रायफलही बेकायदा ठरते, म्हणून नूतनीकरण चुकवू नका. एकदा इमिग्रेशन वकिलाला विचारून घ्या, ग्रीन कार्डाचा प्रश्न आहे. शिवाय कोलोरॅडोत दुकानदाराने तुमची पार्श्वभूमी तपासणी सुरू केल्यापासून निदान तीन दिवस थांबावं लागतं. ते दिवस हिशेबात धरा.

रानवाटा_गुहागर: आमच्या आजोबांकडे ठासणीची बंदूक होती. दारू ठासायची, वर छर्रे, मग नेम. रानडुकरं भाताची नासाडी करायची म्हणून परवाना होता. परत येताना ही रायफल इकडे आणता येईल का हो?

माळरान: तो विचार सोडा. आपल्याकडे १९७२ च्या कायद्याने शिकार बंद आहे आणि शस्त्र परवान्याचं प्रकरण पूर्ण वेगळं.

डोंगरपायी: परवाना आहे, ड्रॉवरमध्येच पडला होता! दुकानदाराने एवढं सांगितलं असतं तर खेप वाचली असती. मग टिका टी३एक्स लाइट ही रायफल घेऊ का? आणि हो, मी डावखुरा आहे.

सुगंधा_के: हे आधी सांगायचं ना! उजवा बोल्ट (काडतूस आत सरकवायचा दांडा) घेऊ नका, दुसरी गोळी भरताना गाल दस्त्यावरून उचलावा लागतो. टिका डाव्या बोल्टची मिळते. पण ती वजनाला हलकी, म्हणून धक्का जास्त. .३०-०६ टाळा, .३०८ किंवा ६.५ क्रीडमोर घ्या. उरलेल्या पैशात साधा ३-९x४० (तीन ते नऊ पट मोठं दाखवणारा) स्कोप बसेल.

जुना_बार: .३०८ ला माझी हरकत नाही. १६५ ग्रेन घ्या. कोलोरॅडोत एल्कसाठी कमीत कमी ८५ ग्रेनची, आघाताने फुलणारी गोळी लागते, त्यात ती आरामात बसते. शंभर यार्डांवर गोळी नेमाच्या दोन इंच वर लागेल असा स्कोप लावा, म्हणजे दोनशेवर बरोबर मध्यावर येईल. आणि टेबलावर रायफल टेकवून नेम साधला म्हणजे झालं असं समजू नका. बसून, गुडघ्यावर, काठीच्या आधाराने सराव करा. डोंगरात टेबल नसतं.

डोंगरपायी: घेतली. टिका, डावी, .३०८. चौथ्या दिवशी ताब्यात मिळाली. रेंजवर साठ गोळ्या झाडल्या, बसून दोनशेवर सगळ्या पेपर प्लेटमध्ये. खांदा ठीक आहे. केशरी जॅकेट आणि टोपी आणली. आता एकच विचारायचंय. एल्क पडलं तर दोघांना गाडीपर्यंत किती खेपा कराव्या लागतील?

सुगंधा_के: मादी असेल तर दोघांना दोन, कदाचित तीन. हाडं काढून मांस कापडी पिशव्यांत भरा, प्लास्टिकच्या नकोत, मांस नासतं. लिंग ओळखता येईल असा भाग मात्र मांसाला नैसर्गिकरीत्या जोडलेलाच ठेवा, अधिकारी तपासतात. आणि पहिली खेप घेऊन निघण्याआधी उरलेलं मांस सावलीत, फांदीला उंच टांगा. तिथे अस्वलं आहेत.