दुसरीच्या पोरांच्या नाटकाला श्रेणी कशाला?

रंकाळ्याचा वारा: पुतणी दुसरीत आहे. वर्गात नाटुकलं झालं आणि शेरा आला, 'संवाद स्पष्ट म्हणत नाही'. सात वर्षांच्या पोरीला! 2024 ला आपलं कोल्हापूरचं केशवराव भोसले नाट्यगृह जळालं तेव्हा अख्खं गाव हळहळलं. नाटक शिकवायला इथं कोण ना म्हणतंय? पण मोजमाप नको. अ-2 श्रेणी दिसली की घरात लगेच 'शेजारच्याला काय पडलं?'

दुसरीच्या बाई: दादा, शेरा चुकला म्हणून मूल्यमापनच नको कशाला? 2010 पासून कलेला संकलित, म्हणजे सत्राच्या शेवटची, परीक्षा नाहीच, सगळं आकारिक. म्हणजे वर्षभर बघायचं आणि नोंद ठेवायची. आम्ही वर्गात मार्केट यार्डातला गुळाचा सौदा खेळतो. मीच शेतकरी होते, "भाव पडलाय, गूळ परत नेऊ काय?" म्हणून पोरांनाच विचारते. एक पोरगं तासभर बोललं नाही. ते हमाल होतं. पाठीवर रिकामी पिशवी, पण कंबरेत वाकलेलं, पाय फाकवून चालणारं, दाराशी थांबून घाम पुसणारं. त्याच्यापुढं 'बोलत नाही' लिहू? मी लिहिलं, 'नसलेलं ओझं शेवटपर्यंत सोडलं नाही.'

साधा मास्तर: नोंद झकास, बाई. पण पट चाळीसचा, त्यात पोषण आहार, ऑनलाइन माहिती. खरं सांगू? तयार नोंदींची पीडीएफ फिरते. 'नाट्यीकरणात आवडीने भाग घेतो', सगळ्यांपुढं तेच.

दुसरीच्या बाई: एका तासाला चारच पोरं बघायची, सर. बाकीची खेळू देत.

पडद्यामागचा: सगळा घोळ गॅदरिंगनं केलाय. पाठांतर, विंगेतून प्रॉम्प्टिंग, समोर मोबाईल धरलेले पालक. ह्या वयाला प्रेक्षकच नकोत. पण बाई, तुमच्या हातात वही दिसली की तो हमाल तुमच्यासाठी वाकायला लागणार. मग ते नाटक राहत नाही, परीक्षा होते.

दुसरीच्या बाई: शेतकऱ्याच्या हातात वही कसली! तास संपल्यावर लिहिते. आणि नाही लिहिलं तर ते पोरगं तिसरीत 'अबोल' म्हणूनच जाणार.

साधा मास्तर: तिसरीचे गुरुजी वाचतात होय?

दुसरीच्या बाई: पहिलीच्या बाईंचं मी वाचते.

रंकाळ्याचा वारा: मग वही तुमच्यातच फिरू द्या की. घरी येणाऱ्या प्रगतिपुस्तकात श्रेणी कशाला?

दुसरीच्या बाई: ते वर सांगा. रकाना छापूनच येतो.