बेंच भरलंय, मग अ‍ॅनफिल्डवर हात आखडता का घेतला?

होटगी रोड गनर

फुटबॉलची ट्रान्सफर विंडो, म्हणजे खेळाडू विकत घ्यायची मुदत, काल, १ सप्टेंबर २०२५ ला, आपल्याकडच्या रात्री साडेअकराला बंद झाली. त्याच्या आदल्याच रात्री आपलं आर्सेनल लिव्हरपूलच्या घरी, अ‍ॅनफिल्डवर, ०-१ ने हरलं. या दोन गोष्टी वेगळ्या काढून बोलताच येत नाही, म्हणून लिहितोय.

आधी गेल्या मोसमाचा हिशेब. इंग्लिश प्रीमियर लीगमध्ये २०२४-२५ ला लिव्हरपूल ८४ गुणांनी चॅम्पियन, आपण ७४ वर दुसरे. हरलेले सामने दोघांचेही चारच. मग दहा गुण गेले कुठे? त्यांच्या बरोबऱ्या ९, आपल्या १४. जास्तीच्या पाच बरोबऱ्या, प्रत्येकीत दोन गुण सांडले. आपण हरून नाही, न जिंकून मागे राहिलो.

त्याचं कारण तेव्हा पटण्यासारखं होतं. जानेवारीत जीझसचा गुडघा गेला, फेब्रुवारीत हॅवर्ट्झ आडवा झाला आणि मेरिनोसारख्या मिडफिल्डरला स्ट्रायकर म्हणून उभं करावं लागलं. लेस्टरविरुद्ध त्याने दोन गोल मारून दिले, पण तेवढ्यावर लीग जिंकता येत नाही. आता स्ट्रायकर योकेरेस आलाय, एझे आलाय, मडुएके, झुबिमेंडी, मोस्केरा, नॉरगार्ड, आणि काल शेवटच्या दिवशी हिंकापिए लोनवर. जवळपास प्रत्येक जागेला दोन माणसं.

आणि हे सगळं असताना रविवारी मिडफिल्डमध्ये कोण? झुबिमेंडी, राइस, मेरिनो. तिघेही गुणी आहेत. पण गर्दीत वळून शेवटचा पास देणारा त्यांच्यात कोण? तो पास ज्यांच्या पायात आहे ते ओडेगार्ड आणि एझे बाहेर बसलेले. साधारण वीस मिनिटं उरल्यावर त्यांना आत आणलं, आणि ८३ व्या मिनिटाला सोबोस्लाईने तीस यार्डांच्याही पलीकडून फ्रीकिक जाळ्यात घातली. किक अप्रतिम होती, प्रश्नच नाही. पण तोवर आपण जिंकायला उतरलोय असं एका क्षणीही वाटलं नाही. इतकं मोठं बेंच असतं ते पंचावन्नाव्या मिनिटाला समोरच्या दमलेल्या फुलबॅकच्या अंगावर ताजा माणूस सोडण्यासाठी. जपून ठेवण्यासाठी नाही.

साखर पेठ

काय बोलायलास बे! पाच मिनिटांत सलिबा लंगडत बाहेर गेला, ते धरलंसच नाही. साका आधीच लीड्सच्या सामन्यात जखमी. ओडेगार्डचा खांदाही त्याच सामन्यात दुखावलेला. हॅवर्ट्झ गुडघ्यामुळे नाही. एझेला येऊन जेमतेम आठवडा झालाय. कागदावर दोन-दोन माणसं असणं वेगळं आणि त्या दिवशी खेळायला उभी असणं वेगळं.

सध्या आपल्याकडे गल्लोगल्ली लेझीमचा सराव चाललाय, तो बघ. पुढची ओळ दमली की मागची पुढे येते, पण मागच्यांचा डाव बसलेला असेल तरच. नाहीतर आख्खा ताफा विस्कटतो. एझेचा डाव अजून बसायचाय. त्याला पहिल्याच मोठ्या सामन्यात अ‍ॅनफिल्डवर सुरुवातीपासून टाकला असता आणि आपण तीनने हरलो असतो, तर आज तूच मॅनेजर आर्टेटाला घाई नडली म्हणाला असतास.

लिव्हरपूलला चालू खेळातून एकही गोल मिळाला नाही. सामना एका फ्रीकिकवर गेला. तिसऱ्या सामन्यात चॅम्पियनच्या घरी एवढं जमलं, तर त्याला भित्रेपणा म्हणणं मला पटत नाही.

विजापूर रोड रेड

मी लिव्हरपूलवाला, तरी बोलतो. रविवारी घरी गौरी आल्या होत्या, सगळं उरकून नऊला मोबाइल घेऊन बसलो. पहिला अर्धा तास मला आर्सेनलची भीती वाटत होती. नंतर वाटेनाशी झाली, कारण योकेरेसकडे बॉलच जात नव्हता. व्हॅन डाइक ३४ वर्षांचा आहे. त्याला मागे वळून पळायला लावायचं सोडून तुम्ही त्याच्यासमोर बॉल फिरवत बसलात. त्याला त्याहून सोपी संध्याकाळ कुठली मिळणार?

पण हल्ला-हल्ला करणाऱ्यांनी आमच्याकडेही बघा. बोर्नमथला ४-२, न्यूकॅसलला ३-२. जिंकलो दोन्ही, पण दोन सामन्यांत चार गोल खाल्ले. व्हिर्ट्झला जागा द्यायची तर मिडफिल्डमधला एक रखवालदार कमी होतो, आणि नवे फुलबॅक केरकेझ, फ्रिम्पाँग दोघेही पुढे धावणारे. ट्रेंट रेआलला गेल्यावर राइटबॅकला रविवारी सोबोस्लाई खेळला, म्हणजे बघा. काल इसाकसाठी १२.५ कोटी पाउंड मोजले, ब्रिटनमधला विक्रम, आणि त्याच रात्री बचावपटू गेहीचा सौदा शेवटच्या तासांत फिसकटला. आता मागे व्हॅन डाइक, कोनाटे, सतत दुखापतीत असणारा गोमेझ आणि १८ वर्षांचा लिओनी. पुढे श्रीमंती आणि मागे काटकसर. चाळीसेक कोटी पाउंडांच्या वर खर्च करून हे असं का, याचं उत्तर मला हवंय.

डिसेंबरात सालाह आफ्रिका कपला जाईल. डियाझ आणि नुनेझ विकले. जुलैत अपघातात गेलेल्या जोटाची जागा मात्र मी यादीत धरत नाही. वीस नंबर क्लबने कायमचा त्याच्या नावे ठेवला, ते योग्यच केलं.

विडी घरकुल

तुम्ही सगळे कोण खेळला त्यावर अडलाय. माझ्या मते बॉल किती लवकर पुढे गेला, हे त्याहून मोठं आहे.

योकेरेसने पोर्तुगालच्या स्पोर्टिंगसाठी गेल्या मोसमात ५२ सामन्यांत ५४ गोल मारले. ते गोल कुणीही काढून बघा. बरेचसे डावीकडच्या मोकळ्या पट्ट्यात पळत जाऊन, खांद्याने बचावपटूला रेटून आत वळून मारलेले. त्याला पायात बॉल नको, पुढ्यात जागा हवी. आर्सेनलची सवय उलटी. पंधरा पास, बाजू बदल, परत मागे, तोवर समोरचे दहाच्या दहा त्यांच्या बॉक्सपाशी जमलेले. मग जागा उरतेच कुठे? लीड्सविरुद्ध त्याचा पहिला गोल आठवा: बॉल लवकर मिळाला, डावीकडून सुटला, आत आला, मारला. तो गोल त्याच्या पद्धतीचा. दुसरा पेनल्टीवर. ओल्ड ट्रॅफर्डवर युनायटेडविरुद्ध कॅलाफिओरीचा गोल कॉर्नरवरून. कॉर्नरवर आपण युरोपात भल्याभल्यांना भारी आहोत आणि त्याचं श्रेय कॉर्नर-फ्रीकिकचा कोच जोव्हरला आहेच, पण कॉर्नर मिळेपर्यंत वाट बघत बसणं ही हल्ल्याची योजना होत नाही.

ओडेगार्ड असो की एझे, पहिला पास पुढे बघून दिला नाही तर स्ट्रायकर बदलून काही फरक पडणार नाही.

जुळे सोलापूर

मी वयाने तुमच्यापेक्षा मोठा, थोडं वेगळं मांडतो. मुळात इतकी माणसं लागतात कशाला? अ‍ॅस्टन व्हिलाने १९८०-८१ ची लीग अख्ख्या मोसमात फक्त १४ खेळाडू वापरून जिंकली. लेस्टरने २०१५-१६ ला जवळजवळ तीच अकरा माणसं दर आठवड्याला उतरवली. ज्यांना एकमेकांची चाल झोपेतही कळते ते अकरा, आणि हाताशी दोन-तीन. पंचवीसजण जमवले की निम्म्यांची तोंडं सुजलेली.

आणि आपल्या अ‍ॅकॅडमीतल्या पोरांचं काय? न्वानेरी अठराचा, गेल्या मोसमात साका नसताना त्याने उजवी बाजू सांभाळली. आता तिथे साकाच्या मागे मडुएके. लुइस-स्केली इंग्लंडकडून खेळला, आणि आता त्याच्या जागेवर कॅलाफिओरी, शिवाय हिंकापिए. मेहनतीने वर आलेल्या पोराला विकत आणलेल्याच्या मागे उभं करायचं, हे मला बघवत नाही.

होटगी रोड गनर

काका, न्वानेरीबाबत तुमच्याशी शंभर टक्के सहमत. त्याला मिनिटं मिळालीच पाहिजेत. पण व्हिलाच्या काळात एकच बदली खेळाडू आत आणता यायचा, आणि लेस्टर त्या वर्षी युरोपात खेळत नव्हतं. आता २०२२-२३ पासून पाच बदल करता येतात. चॅम्पियन्स लीगमध्ये गेल्या मोसमापासून सहाऐवजी आठ साखळी सामने. सामन्याची शेवटची तीस मिनिटं हल्ली वेगळीच टीम खेळते. ती टीम ज्याची चांगली, तो जिंकतो.

आणि कमी माणसांचं काय होतं ते आपण २०२२-२३ मध्ये बघितलंय. मार्चमध्ये स्पोर्टिंगविरुद्ध सलिबाची पाठ गेली, टोमियासूही त्याच सामन्यात गेला. तेव्हा आपण लीगमध्ये पहिले होतो. एप्रिलमध्ये लिव्हरपूलशी २-२, वेस्ट हॅमशी २-२, तळाच्या साउदॅम्प्टनशी घरच्या मैदानावर ३-३. एका सेंटरबॅकपायी लीग गेली.

साखर पेठ, तुला एक विचारतो. ३१ मार्च २०२४, एतिहादवर मँचेस्टर सिटीशी ०-०. सगळ्यांनी आर्टेटाची पाठ थोपटली. शेवटी सिटी ९१, आपण ८९. तिथे जिंकायला गेलो असतो तर?

साखर पेठ

तर कदाचित हरलोही असतो. ती लीग एतिहादवर गेली नाही. ती गेली १४ एप्रिलला, घरच्या मैदानावर व्हिलाने ०-२ ने हरवलं तेव्हा.

आणि तू त्या १४ बरोबऱ्या मोजल्यास, आता त्या कुणाशी झाल्या तेही मोज. एव्हर्टनशी दोनदा. ब्रायटनशी दोनदा. फुलहॅम, ब्रेंटफर्ड, पॅलेस, फॉरेस्ट. मँचेस्टर युनायटेड, तेही त्यांच्या सगळ्यात वाईट वर्षात. लिव्हरपूलशीही दोन झाल्या, त्यातली अ‍ॅनफिल्डवरची तर दोन गोलांनी मागे असताना मिळवलेली. मोठ्यांशी झालेल्या बरोबऱ्यांनी आपल्याला बुडवलेलं नाही. मोकळं खेळायचं ते एव्हर्टनसमोर, अ‍ॅनफिल्डवर नाही. भरलेल्या बेंचचा उपयोग मला तिथे हवाय: लहान टीम अकरा माणसं मागे घेऊन बसली की साठाव्या मिनिटाला एकदम तीन बदल.

होटगी रोड गनर

पण सवय सामना बघून बदलत नाही, हेच तर म्हणतोय. डिसेंबरात एव्हर्टनशी घरच्या मैदानावर ०-० झालं तेव्हा समोर कोण होतं? तिथे कशाची भीती होती? तरी खेळ तसाच: जपून, बाजूला, परत मागे. मोठ्या सामन्यात आधी न हरण्याचा विचार करणारी टीम छोट्या सामन्यातही पाय सैल सोडत नाही. विडी घरकुलच्या ताई म्हणाल्या तो पहिला पास उशिरा जातो, त्याचं मूळ तिथेच आहे.

विजापूर रोड रेड

यावर आमचं एक सांगतो. न्यूकॅसलच्या मैदानावर २-२ झाल्यावर आमच्या मॅनेजर स्लॉटने शेवटी १६ वर्षांच्या न्गुमोहाला आत सोडलं. शंभराव्या मिनिटाला त्यानेच जिंकून दिलं. बरोबरी घेऊन घरी जायला कुणी नावं ठेवली नसती.

जुळे सोलापूर

सोळा वर्षांचं पोर, आणि विकत आणलेलं सगळं बेंचवर किंवा घरी. माझं म्हणणं तरी दुसरं काय आहे? आपल्याकडेही डाउमन पंधरा वर्षांचा, लीड्सविरुद्ध आत आला आणि पेनल्टी मिळवून दिली.

विडी घरकुल

काका, त्याला भीती माहीत नाही, म्हणून तो बॉल घेऊन थेट आत घुसला. मोठ्यांनीही तेच करावं एवढंच मागणं आहे.

आता पुढचं बघा. १३ ला घरी फॉरेस्ट, १६ ला बिलबाओत अ‍ॅथलेटिक, २१ ला घरी सिटी. नऊ दिवसांत तीन सामने. माझ्या मते फॉरेस्टसमोर एझे पहिल्या मिनिटापासून हवा, म्हणजे सिटीपर्यंत त्याला योकेरेसची धाव ओळखीची होईल. बिलबाओला मोस्केरा, नॉरगार्ड, जे ताजे असतील ते सगळे. आणि ओडेगार्डचा खांदा पूर्ण बरा झाल्याशिवाय त्याला ओढू नये.

साखर पेठ

फॉरेस्टपर्यंत कबूल. सिटीसमोर मात्र मला मेरिनो हवा. रॉड्री परत आलाय, तो लयीत आला की मिडफिल्डमध्ये श्वास घ्यायला देत नाही. एझेला तिथे टाकून राइसवर दोन माणसांचं काम लादू नका.

होटगी रोड गनर

रॉड्री परत आलाय, पण सिटी सलग दोन हरलीय, स्पर्सशी ०-२ आणि रविवारी ब्रायटनशी १-२. त्यांच्या मागच्या फळीच्या पाठीशी केवढी जागा पडते ते दोन्ही सामन्यांत दिसलं. अशा टीमसमोर आपल्या घरी जपून खेळणार असू, तर योकेरेसला आणलाच कशाला?

साखर पेठ

मग एझेला डावीकडे घे, मार्टिनेलीच्या जागी. मेरिनो आतच राहील.

होटगी रोड गनर

डावीकडे चालेल. पण सत्तराव्या मिनिटाला नाही, सुरुवातीपासून.