मदत हवी आहे: न्यू ब्रन्सविकमधला इंग्रजी वर्ग आणि दुभाषे

नमस्कार मंडळी, न्यू जर्सीत न्यू ब्रन्सविकच्या आसपास कोणी राहतं का? आम्ही काही जण तिथे नव्याने आलेल्या स्पॅनिश भाषकांसाठी संध्याकाळी इंग्रजीचा वर्ग घेतो. बरेचसे मेक्सिकोतल्या वाहाका राज्यातले. गोदामातली नाहीतर हॉटेलच्या किचनमधली शिफ्ट संपवून येतात, त्यामुळे व्याकरणाचा उत्साह आमचाच जास्त! त्यांना हवं असतं ते घरमालकाशी, शाळेत, फार्मसीत काय बोलायचं एवढंच.

वर्ग निभतो, अडतं ते दुभाष्यापाशी. केंद्राचा निधी घेणाऱ्या दवाखान्याने मोफत दुभाषा द्यायचा असतो, १९६४ च्या नागरी हक्क कायद्याच्या आधारे. तरी आया शाळकरी मुलींनाच पुढे करतात आणि काउंटरवरचेही ते चालवून घेतात. आईच्या गर्भाशयातल्या गाठीबद्दल त्या पोरीने काय सांगायचं? आश्रयाच्या अर्जाच्या मुलाखतीला तर बहुतेकदा अर्जदारानेच दुभाषा न्यायचा, तोही किमान १८ वर्षांचा.

पुण्या-मुंबईत स्पॅनिश शिकून इकडे आलेलं कोणी आठवड्यातून एक संध्याकाळ देईल का? वैद्यकीय दुभाष्याच्या राष्ट्रीय प्रमाणपत्रासाठी किमान ४० तासांचं प्रशिक्षण लागतं. ते कोणी ऑनलाइन, परवडेल अशा फीमध्ये केलंय का?

आणखी एक. काही वयस्कर मंडळींची मातृभाषा मिश्तेक किंवा झापोतेक (वाहाकातल्या मूळ रहिवाशांच्या भाषा) आहे, स्पॅनिशही जेमतेम. या भाषांचे फोनवरचे दुभाषे कुठे मिळतात, हे कॅलिफोर्नियातल्या कुणाला ठाऊक असेल तर नक्की कळवा.